इंग्रजीतील ‘टी-एच’ ही अक्षरजोडी आणि तिचे छोटे शब्द : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘टी-एच’ या जोडीचा वेगळा अभ्यास कशासाठी करायचा?

छापील इंग्रजी मजकुरात शेजारी-शेजारी येणाऱ्या अक्षरजोड्या मोजल्या, तर पहिला क्रमांक ‘टी-एच’चा लागतो. याचे मोठे कारण म्हणजे ‘द’ हे उपपद. इंग्रजीच्या कोणत्याही साध्या परिच्छेदात शंभरातले साधारण पाच-सहा शब्द एकट्या ‘द’चेच असतात. त्यात ‘धिस’, ‘दॅट’, ‘दे’, ‘देअर’, ‘विथ’ यांची भर पडली की ही जोडी दिसली नाही असे वाक्य शोधावे लागते. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी ही जोडी पहिलीपासून वाचतो, परंतु ती कुठे ‘थ’ होते आणि कुठे ‘द’ होते, हे त्याला सहसा कोणी नियमाने सांगत नाही आणि प्रत्येक शब्द सुटा पाठ करावा लागतो. वास्तविक या जोडीला बऱ्यापैकी शिस्त आहे. पुढील उत्तरांत ती शिस्त आणि नेहमी लागणारे छोटे शब्द अर्थांसह दिले आहेत.

शब्दाच्या सुरुवातीला ‘टी-एच’ आले, तर ‘थ’ म्हणायचे की ‘द’?

येथे अर्थापेक्षा शब्दाचे वाक्यातील काम पाहावे. नुसते व्याकरणाचे काम करणारे, म्हणजे बोट दाखवणारे, सर्वनामाचे किंवा वाक्ये जोडणारे शब्द ‘द’ने सुरू होतात. वस्तू, क्रिया किंवा गुण सांगणारे शब्द ‘थ’ने सुरू होतात. म्हणूनच ‘देन’ म्हणजे नंतर, पण ‘थिन’ म्हणजे पातळ किंवा बारीक. ‘दे’ म्हणजे ते लोक, पण ‘थीफ’ म्हणजे चोर. ‘दाय’ म्हणजे तुझा आणि ‘थाय’ म्हणजे मांडी ही जोडी तर या नियमाचा उत्तम नमुना आहे, कारण दोन्हींत फरक आहे तो फक्त सुरुवातीच्या ध्वनीचा.

‘द’ने सुरू होणाऱ्या शब्दांची यादी बंदिस्त आहे. द, धिस, दॅट, दीज, दोज, दे, देम, देअर, देन, दॅन, दस, दो आणि जुन्या इंग्रजीतील दाऊ, दी, दाय, दाइन हे मुख्य मूळ शब्द आणि त्यांच्यापासून झालेले ‘देअरफोर’सारखे जोडशब्द लक्षात ठेवले की काम झाले. या यादीत नवा शब्द सहसा येत नाही. त्यामुळे अनोळखी शब्द ‘टी-एच’ने सुरू झाला, तर तो ‘थ’ने वाचावा. ‘ट’ने वाचायचे मोजके अपवाद पुढे दिले आहेत.

‘थ्रू’ म्हणजे मधून किंवा द्वारे, हा शब्द व्याकरणाचे काम करतो आणि तरीही ‘थ’ने सुरू होतो, म्हणून विद्यार्थी गोंधळतात. त्यासाठी एक पोटनियम आहे : ‘टी-एच’च्या लगेच पुढे ‘आर’ आला, तर सुरुवातीचा उच्चार नेहमी ‘थ’ असतो. थ्री, थ्रो, थ्रेड, थ्रोट, थ्रोन, थ्रिल या सर्वांना तो लागू पडतो.

‘थ’ने सुरू होणारे नेहमीचे छोटे शब्द कोणते?

शरीरापासून सुरुवात केली तर मुलांना हे शब्द लवकर बसतात : ‘थंब’ म्हणजे अंगठा, ‘थाय’ म्हणजे मांडी, ‘थ्रोट’ म्हणजे घसा. ‘थंब’च्या शेवटी ‘बी’ लिहायचा असतो, पण तो उच्चारायचा नसतो. गुणवाचकांत ‘थिन’ म्हणजे पातळ आणि ‘थिक’ म्हणजे जाड किंवा दाट ही विरुद्धार्थी जोडी येते. आमटी पातळ असो वा कापड, दोन्हींना ‘थिन’ चालतो.

क्रियापदांत ‘थिंक’ म्हणजे विचार करणे, ‘थँक’ म्हणजे आभार मानणे, ‘थ्रो’ म्हणजे फेकणे, ‘थ्रॅश’ म्हणजे बदडणे. ‘थॉ’ हा शब्द टी-एच-ए-डब्ल्यू असा लिहितात आणि गोठलेला पदार्थ वितळणे किंवा वितळवणे असा त्याचा अर्थ आहे. फ्रीजरमधून काढलेले मटार पाण्यात ठेवून आपण जे करतो, त्याला इंग्रजीत हाच शब्द आहे. नामांत ‘थॉर्न’ म्हणजे काटा, ‘थेफ्ट’ म्हणजे चोरी, ‘थीम’ म्हणजे मुख्य विषय, ‘थड’ म्हणजे जड वस्तू पडल्याचा धप्प असा आवाज.

शेवटी ‘टी-एच’ असलेले छोटे शब्द आणि त्यांचे अर्थ सांगाल का?

‘बाथ’ म्हणजे स्नान, ‘पाथ’ म्हणजे वाट, ‘मॉथ’ म्हणजे दिव्याभोवती फिरणारा पतंग, ‘मिथ’ म्हणजे पुराणकथा किंवा रूढ झालेला गैरसमज, ‘ओथ’ म्हणजे शपथ, ‘बोथ’ म्हणजे दोन्ही, ‘पिथ’ म्हणजे देठाच्या किंवा खोडाच्या आतला मऊ गाभा. थोडे मोठे शब्द घेतले तर ‘फ्रॉथ’ म्हणजे फेस, ‘स्लोथ’ म्हणजे आळस, ‘फेथ’ म्हणजे श्रद्धा. ‘रॉथ’ म्हणजे क्रोध, आणि त्याच्या स्पेलिंगमधील पहिला ‘डब्ल्यू’ मुका असतो. ‘टूथ’ म्हणजे एक दात आणि ‘टीथ’ म्हणजे अनेक दात. ‘टीथ्स’ असे दुहेरी अनेकवचन करू नये.

शेवटच्या ‘टी-एच’चा उच्चार बहुतेक वेळा ‘थ’च राहतो. दोन नेहमीचे शब्द मात्र वेगळे चालतात. ‘विथ’चा ब्रिटिश उच्चार ‘विद’कडे झुकतो, तर अमेरिकेत दोन्ही उच्चार ऐकू येतात. एस-एम-ओ-ओ-टी-एच असा लिहिला जाणारा, गुळगुळीत या अर्थाचा शब्द आपण सर्रास ‘स्मूथ’ म्हणतो, परंतु त्याचा उच्चार ‘स्मूद’ आहे.

‘बाथ’ आणि ‘बेद’ यांत नेमका फरक काय?

हा प्रश्न फार मोलाचा आहे, कारण त्याच्या उत्तरातून शब्दांचा मोठा गट एकदम हाती येतो. ‘बाथ’ हे नाम आहे, स्नान. त्याच्या शेवटी ‘ई’ जोडला की ‘बेद’ हे क्रियापद होते, स्नान करणे किंवा घालणे. तसेच ‘ब्रेथ’ म्हणजे श्वास आणि ‘ब्रीद’ म्हणजे श्वास घेणे, ‘क्लॉथ’ म्हणजे कापड आणि ‘क्लोद’ म्हणजे कपडे घालणे, ‘टीथ’ म्हणजे दात आणि ‘टीद’ म्हणजे तान्ह्या बाळाला दात येणे, ‘शीथ’ म्हणजे म्यान आणि ‘शीद’ म्हणजे म्यान करणे. ‘लोथ’ हे विशेषण असून त्याचा अर्थ नाखूश असा आहे, तर ‘लोद’ म्हणजे मनापासून तिटकारा करणे. अर्जांमध्ये आणि निबंधांत ‘ब्रेथ’ व ‘ब्रीद’ यांच्या स्पेलिंगची अदलाबदल फार आढळते. शेवटी ‘ई’ असेल तर क्रियापद, एवढे ध्यानात ठेवले तरी ती टळते.

असे का झाले, याचे कारण हजार वर्षांमागे जाते. जुन्या इंग्रजीत हा ध्वनी दोन स्वरांच्या मध्ये सापडला की घोष होत असे, म्हणजे त्याचा आजचा ‘द’सारखा उच्चार होई. नामे या ध्वनीवर संपत. क्रियापदांना मात्र पुढे स्वराने सुरू होणारा प्रत्यय असे, त्यामुळे तेथे ध्वनी दोन स्वरांत अडकून घोष झाला. पुढे प्रत्यय झिजून गेला, शेवटी मुका ‘ई’ उरला आणि घोष उच्चार तसाच टिकला.

एस-ओ-ओ-टी-एच-ई असे लिहिले जाणारे ‘सूद’, म्हणजे शांत करणे किंवा वेदना कमी करणे, हे क्रियापदही याच चालीचे आहे. कारखान्यांत आणि आयटीआयमध्ये ज्याला सगळे ‘लेथ मशीन’ म्हणतात, त्या यंत्राचे नाव एल-ए-टी-एच-ई असे लिहितात आणि शेवटच्या ‘ई’मुळे त्याचा मूळ उच्चार ‘लेद’ होतो. मराठीत ‘लेथ’ पक्का रुळला आहे आणि तो बदलण्याची गरज नाही, परंतु परदेशी अभियंत्याने ‘लेद’ म्हटल्यास तो त्याच यंत्राविषयी बोलत आहे, हे माहीत असावे.

शब्दाच्या मध्ये ‘टी-एच’ आल्यास काय करावे?

अस्सल जुन्या इंग्रजी शब्दांत मध्ये ‘द’ येतो. फादर, मदर, ब्रदर, अदर, वेदर, लेदर, फेदर, गॅदर, टुगेदर हे सारे त्याच घरातले. ग्रीक किंवा लॅटिन वळणाच्या विद्वत्तेच्या शब्दांत मात्र ‘थ’ असतो : मेथड, ऑथर, अ‍ॅथलीट, कथीड्रल, सिम्पथी. ‘नथिंग’ आणि ‘एनिथिंग’ यांत मधला ‘थ’ टिकतो, कारण ते ‘थिंग’चे जोडशब्द आहेत. ‘हेल्थ’पासून ‘हेल्थी’ करतानाही ‘थ’च राहतो. मात्र ‘वर्थ’पासून ‘वर्दी’, ‘नॉर्थ’पासून ‘नॉर्दर्न’ आणि ‘साउथ’पासून ‘सदर्न’ होताना ‘द’ येतो. ‘सदर्न’मध्ये तर मागचा स्वरही बदलतो, म्हणून तो ‘साउदर्न’ असा वाचू नये.

हा ध्वनी तोंडातून कसा काढायचा?

मराठी ‘थ’ म्हणताना जिभेचे टोक वरच्या दातांच्या मागे घट्ट टेकते, हवा क्षणभर पूर्ण अडते आणि मग झटक्यात सुटते. इंग्रजी ध्वनीत हवा कधीच पूर्ण अडत नाही. जिभेचे टोक वरच्या दातांच्या कडेला अलगद लावावे किंवा दोन्ही दातांच्या फटीत किंचित बाहेर आणावे आणि फटीतून हवा सारखी सोडत राहावे. आपण बरोबर करत आहोत का, हे ताडण्याची सोपी खूण म्हणजे तो ध्वनी लांबवून पाहणे. मराठी ‘थ’ लांबवता येत नाही, लांबतो तो फक्त त्याच्या पुढचा स्वर. इंग्रजी ध्वनी ‘स’सारखा श्वास संपेपर्यंत लांबवता येतो.

जीभ त्याच जागी ठेवून घशातून आवाज काढला की ‘दॅट’मधला ध्वनी मिळतो. गळ्यावर बोटे ठेवली तर ‘थिन’च्या सुरुवातीला काही जाणवत नाही आणि ‘देन’च्या सुरुवातीपासूनच कंप जाणवतो. आरशासमोर ‘थाय’ आणि ‘दाय’ सावकाश आलटून पालटून म्हटल्यास जीभ जागची हलत नाही आणि फक्त गळ्यातला कंप येतो-जातो, हे स्वतःला तपासता येते.

मराठी ‘थ’ आणि ‘द’ वापरले तर इंग्रजी चुकते का?

समोरच्याला समजण्यात सहसा अडचण येत नाही, आणि याबाबत न्यूनगंड बाळगण्याचे काहीही कारण नाही. भारतातील बहुसंख्य इंग्रजी बोलणारे याच पद्धतीने बोलतात. आयर्लंडमध्येही अनेक जण या जागी दंत्य ‘त’ आणि ‘द’ वापरतात. खुद्द लंडनच्या कॉकनी बोलीत ‘थिंक’चा ‘फिंक’ होतो.

मराठी माणसाला येथे एक फायदाही आहे. इंग्रजी ‘टी’ आपल्या कानाला ‘ट’ वाटतो आणि ‘डी’ आपल्याला ‘ड’ वाटतो. त्यामुळे ‘ट्री’ म्हणजे झाड आणि ‘थ्री’ म्हणजे तीन, ‘डे’ म्हणजे दिवस आणि ‘दे’ म्हणजे ते लोक, या जोड्या आपल्या बोलण्यात आपोआप वेगळ्या राहतात. अनेक फ्रेंच आणि जर्मन भाषकांची जीभ येथे ‘स’ आणि ‘झ’कडे वळते, तशी आपली वळत नाही. जपायचे ते एवढेच की ‘थ’च्या जागी ‘द’ आणि ‘द’च्या जागी ‘थ’ म्हणू नये. उच्चाराची नजाकत नंतर आली तरी चालेल, पण ही अदलाबदल प्रथम थांबवावी. देवनागरीत लिहितानाही ‘दिस’ आणि ‘धिस’ अशी दोन्ही रूपे आढळतात. त्यांपैकी कोणतेही चालते, कारण मूळ ध्वनी देवनागरीतल्या कोणत्याच अक्षरात नेमका बसत नाही.

‘देन’ आणि ‘दॅन’ यांत गोंधळ होतो. तो कसा टाळावा?

टी-एच-ई-एन म्हणजे ‘मग’ किंवा ‘तेव्हा’, आणि टी-एच-ए-एन म्हणजे तुलनेतील ‘पेक्षा’. वाक्यात ‘पेक्षा’ बसत असेल तर ‘ए’ लिहावा.

‘द’चा उच्चार कधी ‘दी’ होतो?

पुढचा शब्द स्वरध्वनीने सुरू होत असेल तेव्हा : दी अ‍ॅपल, दी अंब्रेला. निर्णय अक्षरावरून नव्हे, तर ध्वनीवरून करावा. ‘अवर’ म्हणजे तास, याच्या स्पेलिंगमध्ये पहिला ‘एच’ मुका असल्यामुळे ‘दी अवर’ होते, तर ‘युनिव्हर्सिटी’ ‘य’ ध्वनीने सुरू होत असल्यामुळे ‘द युनिव्हर्सिटी’ होते.

‘टी-एच’ लावून नवे शब्द कसे तयार होतात?

दोन प्रकारे. पहिला प्रकार क्रमवाचकांचा आहे : फोर्थ, सिक्स्थ, टेन्थ. यांत चार स्पेलिंगे जपावी लागतात. ‘फिफ्थ’ आणि ‘ट्वेल्फ्थ’ यांमध्ये मूळ ‘व्ही’ जाऊन ‘एफ’ येतो, ‘नाइन्थ’मध्ये ‘नाइन’चा शेवटचा ‘ई’ गळतो, आणि ‘एट्थ’मध्ये ‘टी’ एकदाच लिहितात.

दुसरा प्रकार भाववाचक नामांचा आहे आणि तो अधिक सुंदर आहे. ‘वॉर्म’ म्हणजे उबदार, त्यापासून ‘वॉर्म्थ’ म्हणजे ऊब. ‘ट्रू’पासून ‘ट्रूथ’, ‘ग्रो’पासून ‘ग्रोथ’, ‘वाइड’पासून ‘विड्थ’, ‘डीप’पासून ‘डेप्थ’. ‘लाँग’चे ‘लेंग्थ’ आणि ‘स्ट्राँग’चे ‘स्ट्रेंग्थ’ होताना स्वर बदलतो, कारण या प्रत्ययात फार पूर्वी ‘इ’ स्वर होता आणि त्याने मागच्या स्वराला आपल्याकडे ओढले. ‘फाउल’ म्हणजे घाणेरडा, यापासून झालेला ‘फिल्थ’ म्हणजे घाण, हाही त्याच ओढीचा परिणाम आहे.

काही नाती आज सहज दिसत नाहीत. ‘हेल्थ’ हा शब्द ‘होल’ म्हणजे अखंड, सबंध, याच्याशी जोडलेला आहे. म्हणजे आरोग्य ही शरीराची अखंडता. ‘स्लोथ’चे नाते ‘स्लो’शी आणि ‘मंथ’चे ‘मून’शी आहे. ‘डिअर’चा जुना अर्थ महाग असाही आहे, आणि त्यापासून झालेल्या ‘डर्थ’चा अर्थ टंचाई. धान्य महागते तेव्हा त्याची टंचाई असते, हा अनुभवच त्या शब्दात साठला आहे. ‘हाय’पासून मात्र आज ‘हाइट’ होते आणि त्याच्या शेवटी फक्त ‘टी’ येतो. तेथे ‘टी-एच’ लिहिणे चूक आहे.

‘टी-एच’ असूनही ‘ट’ कुठे उच्चारतात?

लंडनच्या नदीचे नाव ‘टेम्स’ आहे, ‘थेम्स’ नाही. ‘टॉमस’, ‘टेरेसा’ ही नावे आणि ‘टाइम’ ही स्वयंपाकातील वनस्पती यांतही ‘ट’च आहे. या ‘टाइम’चे स्पेलिंग टी-एच-वाय-एम-ई असे असते आणि तिच्या वासाचे कारण असलेले थायमॉल आपल्या ओव्यातही असते. गंमत अशी की ‘थायमॉल’मध्ये ‘थ’ आहे आणि ज्या वनस्पतीवरून ते नाव आले, तिच्यात ‘ट’ आहे.

‘टेम्स’मध्ये पूर्वी ‘एच’ नव्हता. युरोपात प्रबोधनकाळात ग्रीक-लॅटिनचा मान वाढला, तेव्हा पंडितांनी अनेक शब्दांत तो घातला. ‘टेम्स’चा उच्चार त्यानंतरही बदलला नाही. लॅटिन ‘ऑक्टर’वरून आलेल्या ‘ऑथर’मध्ये मात्र स्पेलिंगमागोमाग उच्चारही बदलला.

‘अ‍ॅस्थमा’ म्हणजे दमा, याच्या प्रचलित इंग्रजी उच्चारात ‘टी-एच’ जवळजवळ ऐकूच येत नाही, तो ‘अ‍ॅस्मा’ होतो. ‘क्लोद्ज’ म्हणजे कपडे, हाही रोजच्या बोलण्यात ‘क्लोज’ असा ऐकू येतो.

‘पॉटहोल’मध्ये ‘थ’ का नाही?

कारण तेथे ही जोडीच नाही. ‘पॉट’चा ‘टी’ आणि ‘होल’चा ‘एच’ हे दोन वेगळ्या शब्दांचे असून योगायोगाने शेजारी आले आहेत. फुटहिल, लाइटहाउस, स्वीटहार्ट हे तसेच. लांब शब्द दिसला की आधी त्याची फोड करून पाहावी.

नाटकांत आणि बायबलमध्ये दिसणारे ‘दाऊ’, ‘दाय’, ‘हॅथ’, ‘डथ’ म्हणजे काय?

‘दाऊ’ म्हणजे तू, ‘दी’ म्हणजे तुला, ‘दाय’ आणि ‘दाइन’ म्हणजे तुझा. ‘हॅथ’ म्हणजे आजचे ‘हॅज’ आणि ‘डथ’ म्हणजे आजचे ‘डज’. 1611च्या बायबलच्या इंग्रजी भाषांतरात आणि शेक्सपिअरच्या नाटकांत ही रूपे पानोपानी भेटतात. मराठीत तू आणि तुम्ही आहेत, तसे इंग्रजीत ‘दाऊ’ आणि ‘यू’ होते. ‘यू’ हे अनेकवचनी आणि आदरार्थी रूप. कालांतराने आदराचे रूप सर्वांसाठी वापरले जाऊ लागले आणि ‘दाऊ’ मागे पडले. म्हणून ‘यू’ म्हणजे मुळात ‘तू’, ही समजूत खरी नाही.

जुन्या धाटणीच्या पाट्यांवर ‘यी ओल्ड’ असे का लिहितात?

इंग्रजीत या ध्वनीसाठी पूर्वी स्वतंत्र अक्षरे होती. त्यांतील एकाचे नाव ‘थॉर्न’, म्हणजे काटा, आणि ते उत्तर युरोपातील प्राचीन रून लिपीतून आले होते. दुसऱ्याला आज ‘एद’ म्हणतात. फ्रान्समधून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मनांच्या लेखनिकांच्या प्रभावानंतर ‘टी-एच’ ही जोडी वाढत गेली आणि थॉर्न मागे पडला. इंग्लंडचा पहिला मुद्रक विल्यम कॅक्स्टन याने 1476मध्ये वेस्टमिन्स्टर येथे छपाई सुरू केली, तेव्हा युरोपातून येणाऱ्या छपाईच्या खिळ्यांत थॉर्न नव्हता. हस्तलिखितांत तो ‘वाय’सारखा दिसू लागलाच होता, म्हणून छापताना ‘वाय’ वापरला गेला. पाटीवरचे ते ‘यी’ वास्तविक ‘द’च आहे आणि ते तसेच वाचले पाहिजे. आइसलँडच्या भाषेत ही दोन्ही अक्षरे आजही रोजच्या वापरात आहेत.

‘थग’ हा शब्द आपल्याकडून गेला आहे का?

होय, तो भारतीय भाषांतील ‘ठग’ आहे. एकोणिसाव्या शतकात कंपनी सरकारच्या काळात, विशेषतः स्लीमन या ब्रिटिश अधिकाऱ्याने ठगांविरुद्ध मोहीम चालवल्यावर, तो इंग्रजीत पसरला आणि आज त्याचा अर्थ गुंड असा झाला आहे. इंग्रजीत ‘ठ’ नसल्यामुळे तो ‘टी-एच’ने लिहिला गेला आणि मग इंग्रजांनी ती जोडी आपल्या पद्धतीने ‘थ’सारखी वाचली.

रोमन लिपीत मराठी लिहिताना हीच अडचण रोज येते. ‘ठाणे’ आणि ‘थोरात’ दोन्ही ‘टी-एच’नेच सुरू होतात. दक्षिणेत ‘लता’, ‘गीता’ यांतील ‘त’साठीही हीच जोडी वापरतात, म्हणून तिकडच्या नावाचे स्पेलिंग पाहून ‘लथा’ असे वाचू नये. खुद्द ‘मराठी’ या नावातील ‘ठ’ही रोमनमध्ये ‘टी-एच’ने लिहिला जातो, आणि परदेशी वाचक तो ‘थ’सारखा वाचतो. अशा वेळी एकदा स्वच्छ ‘ठ’ म्हणून दाखवावा.